ढग पळवणारा पंखा

कचरू भित्रा होता. यात लपवण्यासारखं काही नाही, बोरमाळवाडीतल्या शेंबड्या पोरालाही ते ठाऊक होतं. लहानपणी तो विहिरीत वाकून बघायचा नाही. लग्नात घोडा आणला तर म्हणाला, नको, मी चालतच येतो, आणि वरात खरोखरच चालत नेली. पण हसून सोडून देऊ नका. हाच माणूस कितीतरी हंगाम बायकोला, भिमाबाईला घेऊन ऊस तोडायला गेला. अंधारात फडात शिरताना बिबट्याची भीती, मोळी घेऊन ट्रकला लावलेल्या फळीवर चढताना पाय सटकायची भीती, मुकादमाची भीती तर बाराही महिने. ती सगळी उरावर घेऊन त्यानं पोरगी वाढवली, तिचं लग्न लावून दिलं. भित्र्या माणसाला रोज जेवढा धीर गोळा करावा लागतो, तेवढा शूर माणसाला वर्षातून एकदा तरी लागतो का, हे शूरांनीच सांगावं.

मग एका हंगामात मोळी उचलताना पाठीत काहीतरी कट्टकन वाजलं आणि कचरू फडातच बसला. डॉक्टर म्हणाला, आता ओझं उचलायचं नाव काढायचं नाही. त्याच सुमाराला बीडच्या शिरूर तालुक्यातल्या आमच्या डोंगरमाथ्यावर पवनचक्क्या उभ्या राहत होत्या. एक सुंदररावांच्या माळावर आली. सुंदरराव गावचे जुने सरपंच, माळ त्यांचा, त्यात कुसळाशिवाय काही उगवत नव्हतं, तिथं कंपनीनं भाड्यानं जागा घेतली. तिला राखणदार पाहिजे होता. माळावर एकटं बसायचं, डोक्यावर ते घूं घूं चालू, कोण बसणार? ठेकेदारानं कचरूला विचारलं आणि कचरू नको म्हणाला. भिमाबाईनं मात्र एका वाक्यात विषय संपवला. म्हणाली, "फडातला बिबट्या चालतो आन माळावरचा पंखा चालत न्हाई व्हय?"

झालं. कचरूला खाकी कपडे मिळाले, शिट्टी मिळाली, पत्र्याची केबिन मिळाली. भिमाबाईचा कोयता कायमचा आढ्याला खोचला गेला.

पंखा सुरू झाला त्या दिवशी कुठल्या तरी परदेशातली एक बाई आली होती, उन्हानं लालबुंद झालेली. ती बोलायची आणि कंपनीचा साहेब ते मराठीत सांगायचा. कोळसा जाळून जाळून पृथ्वी तापली म्हणे, म्हणून पावसाचं तंत्र बिघडलं. कधी महिनामहिना टिपूस नाही आणि कधी एका दिवसात बेसुमार. तर जगातल्या देशांनी एकत्र बसून ठरवलंय की धूर कमी करायचा, आणि म्हणून असले पंखे सगळ्या दुनियेत लागतायत. आज लावले म्हणून उद्या गुण येईल असं नाही, पण लेकरांच्या लेकरांना पाऊस वेळेवर मिळावा. कचरूला त्यातलं निम्मं कळलं आणि जेवढं कळलं ते फार आवडलं. घरी येऊन छाती काढून सांगितलं की आपण राखतो तो पंखा सगळ्या दुनियेच्या पावसासाठी हाय. भिमाबाई भाकरी थापत म्हणाली, दुनियेचं दुनिया बघंल, ठेकेदार पगार वेळेवर देतो का तेवढं बघा.

तरी ते त्याच्या मनात राहिलंच. दोन-तीन वर्षं बरी गेली. पंख्याची भीतीही हळूहळू मोडली. डबा खाताना तो त्याच्या सावलीत बसायला लागला.

आणि मग ते वर्ष आलं. पेरण्या झाल्या, सोयाबीन हातभर वाढलं आणि पावसानं पाठ फिरवली. नुसती पाठ फिरवली असती तर माणसानं एक वेळ सोसलं असतं. ढग रोज यायचे. काळेभोर, भरलेले, डोंगराच्या अंगानं यायचे आणि माळावरून सुसाट निघून जायचे. खाली फुलोऱ्यातलं सोयाबीन माना टाकून उभं, वर ढगांची शर्यत, आणि मध्ये तो पंखा गरागरा फिरतोय. आता तुम्हीच सांगा, बघणाऱ्याला काय वाटेल? गावाला तेच वाटलं. आधी कुणीतरी पारावर चेष्टेत म्हणालं, मग दुसऱ्यानं चेष्टा सोडून म्हटलं, आणि आठवडाभरात लहानथोर बोलायला लागले की हा पंखाच ढग पळवतोय.

पवनचक्क्यांची दुरुस्ती बघणारा सत्यम नावाचा पोरगा बीडहून मोटारसायकलवर यायचा. कचरूनं त्याला भीतभीत विचारलं. सत्यम हसला नाही, मातीत रेघा ओढून त्यानं समजावलं. म्हणाला, मामा, वारा हाय म्हणून पंखा फिरतो आन वारा हाय म्हणूनच ढग पळतेत. पंखा बंद केला तरी ढग पळायचेच, ते वाऱ्याच्या हातात हाय. कचरूला पटलं. घरी येऊन त्यानं भिमाबाईलाही तसंच सांगितलं. पण पटणं वेगळं आणि गावासमोर उभं राहून बोलणं वेगळं.

पोळा जवळ आला तेव्हा गाव माळावर आलं. सगळे बापे होते. पुढं सुंदरराव, त्यांच्या मागं पुतण्या हनुमान मोबाइलवर व्हिडिओ काढत. लक्षात घ्या, पंख्याचं भाडं सुंदररावच घेत होते आणि ते बंद पडणार नव्हतं. पंखा फिरो की न फिरो, त्यांचं त्यांना मिळणार होतं. कचरू केबिनमधून बाहेर आला. टॉवरच्या दाराची चावी त्याच्या कमरेला होती, मीटरचा आकडा फोनवरून कळवायला कंपनीनं दिलेली, आणि आत लाल बटण आहे हे गावाला कसं कोण जाणे माहीत होतं. त्यानं सत्यमनं सांगितलेलं वाऱ्याचं बोलायला सुरुवात केली तसा हनुमान म्हणाला, लई शिकला का बे कचऱ्या? लोक हसले.

सुंदरराव हसले नाहीत. ते जवळ आले आणि हळू आवाजात म्हणाले, "कचऱ्या, तुझं बिऱ्हाड खाली वस्तीत हाय. कंपनीत न्हाई. तेवढं ध्यानात ठिव."

बास. यापेक्षा जास्त कुणी काही बोललं नाही आणि बोलायची गरजही नव्हती. वस्ती गावाच्या खालच्या अंगाला ओढ्याकाठी, बौद्धांची पंधरा-वीस घरं. पाणी गावाच्या टाकीतून, वाट गावाच्या शेतांतून, मजुरी गावाच्या बांधावर. कचरूच्या डोळ्यापुढं भिमाबाई आली, आढ्याला खोचलेला कोयता आला. पंखा बंद केला तर नोकरी जाणार आणि नाही केला तर गाव. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय. त्यानं दार उघडलं, आत गेला आणि लाल बटण दाबलं.

पाती हळूहळू मंदावली आणि थांबली. एवढी वर्षं कानात बसलेली घूं घूं गेली आणि माळ एकदम सुनासुना झाला. गाव समाधानानं खाली उतरलं. कचरूनं सत्यमला फोन लावला. सत्यम तरी काय करणार, त्यालाही दुसऱ्या एका गावात घेरलं होतं नुकतंच. तो म्हणाला, राहू द्या मामा थोडे दिवस, मी लाइन खराब हाय म्हणून कळवतो.

आणि काय सांगावं, पोळ्याच्या आदल्या दिवशी पाऊस आला! चांगला, भरपूर, जमिनीत मुरणारा. बंगालच्या उपसागरात काही तरी झालं होतं, आठ दिवसांपासून बातम्यांत सांगत होते, पण बातम्या ऐकतो कोण? गावानं बैलांना गुलाल लावला आणि कचरूलाही लावला. सुंदररावांनी त्याला ओसरीवर बोलावून कपबशीत चहा दिला. आजवर त्याला त्या घरचा चहा अंगणातच मिळाला होता, तोही वेगळ्या ग्लासात. "बसा कचरूराव," म्हणाले. कचरू बसला. चहा त्यानं निवेपर्यंत तसाच धरला आणि लोकांना वाटलं की त्याला संकोच वाटतोय.

संकोच कसला डोंबलाचा. तो पुढच्या पावसाचा विचार करत होता. घरी आल्यावर भिमाबाईनं नेमकं तेच विचारलं, की आज पडला म्हणून राव झालात, उद्या न्हाई पडला तर काय व्हाल? त्याला आणखी एक गोष्ट छळत होती आणि ती तो बायकोलाही सांगू शकत नव्हता. सत्यमनं मातीत काढलेल्या रेघा त्याला आठवत होत्या, पण पंखा थांबला आणि पाऊस आला हेही त्यानं स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं होतं. कोण जाणे, त्या परदेशातल्या बाईला तरी सगळं ठाऊक असेल कशावरून?

पंखा बंदच राहिला. सत्यम दोनदा सुरू करायला आला आणि दोन्ही वेळा गावानं त्याला चहा पाजून परत पाठवलं.

पाऊस मात्र थांबेना. आधी लोक म्हणाले, येऊ दे, विहिरी भरतील. विहिरी भरल्या. तळं भरलं, सांडव्यावरून पाणी वाहायला लागलं. सोयाबीनच्या शेंगा झाडावरच उगवल्या, कापसाची बोंडं काळी पडली. सप्टेंबर अर्धा सरला तरी उघडीप नाही. सिंदफणेला पूर आला, शिरूरच्या बाजारात दुकानांत पाणी घुसल्याचे व्हिडिओ मोबाइलवर फिरले. पारावरचे लोक आता कचरू दिसला की बोलणं थांबवायचे आणि त्याच्याकडं बघायचे. त्याला त्या नजरेचा अर्थ कळत होता आणि त्याचं जेवण कमी झालं.

त्या दिवशी सकाळी तो माळावर गेला तेव्हा पाऊस नेहमीसारखाच होता. थोड्या वेळानं तो असा कोसळायला लागला की केबिनच्या पत्र्याखाली स्वतःचा श्वास ऐकू येईना. जरा नजर पोचेल एवढा कमी झाल्यावर कचरूनं दारातून खाली बघितलं. ओढा ओढ्याच्या जागेवर नव्हता. लालसर पाणी दोन्ही काठांवरून शेतांत पसरलं होतं आणि वस्तीच्या खालच्या घरांच्या भिंतींना लागलं होतं. त्यानं भिमाबाईला फोन लावला. लागेना. परत लावला, परत लागेना. पाठीचं दुखणं विसरून तो वाटेला लागला, चिखलात घसरत, हात टेकत, खाली.

निम्म्या वाटेवर गाव भेटलं. डोक्यावर पोत्यांच्या खोळी घेतलेले सगळे धडधाकट गडी वर चढत होते. वस्तीतलेही त्यांच्यात होते. सुंदरराव धापा टाकत होते. त्यांनी कचरूचा दंड धरला आणि म्हणाले, पंखा चालू करा, ढग हाकला, नाहीतर गाव राहत नाही. कचरू म्हणाला, "आबा, माझी भिमा खाली हाय."

"म्हणूनच म्हणतो," सुंदरराव म्हणाले, "चालू करा."

आता इथं कुणी त्याला ओढत नेलं असं म्हणता येणार नाही. दंड सुंदररावांनी लगेच सोडला होता. खालची वाट मोकळी होती, आणि वस्ती दिसत होती. पण भीतीनं माणसाचं डोकं कसं चालतं बघा. कचरूला त्या क्षणी मनापासून वाटलं की हा पाऊस आपणच आणला, आपल्या बोटानं आणला, आणि आता भिमाला वाचवायचं तर त्याच बोटानं तो घालवला पाहिजे. खाली जाऊन दोन हातांनी किती पाणी अडवणार? तो वळला आणि सगळ्यांच्या पुढं वर पळाला.

टॉवरचं दार उघडलं तर आत काळोख. एरवी लुकलुकणारा एकही दिवा चालू नव्हता. वीज गेली होती, सगळ्या डोंगराचीच गेली होती, आणि बाहेरची वीज असल्याशिवाय ते मशीन सुरूच होत नाही, हे सत्यमनं त्याला कधीच सांगितलं होतं. तरी त्यानं लाल बटण पिळून सोडवलं. हिरवं दाबलं. परत दाबलं. दोन्ही अंगठे ठेवून दाबलं. रडत दाबलं.

तो बाहेर आला तेव्हा गाव दाराशी अर्धगोल करून उभं होतं आणि त्याच्या तोंडाकडं बघत होतं. झालं नाही, असं सांगायचं होतं. पण ते चेहरे बघून त्याची पाचावर धारण बसली. "केलाय चालू," तो म्हणाला. "मोठं मशीन हाय. दम लागंल."

मग सगळ्यांनी माना वर केल्या. डोळ्यांत पाणी जात होतं तरी कुणी मान खाली घालेना. वाऱ्याचा जोर वाढला तसं एक पातं किंचित सरकलं. थांबवलेली पातीसुद्धा वादळात अशी थोडी हलतात, कचरूला माहीत होतं. पातं परत सरकलं आणि सावकाश, अर्ध्या झोपेत असल्यासारखं, फिरायला लागलं. लोकांनी हात जोडले. कुणीतरी नारळ बोलला. हनुमानसुद्धा फोन खिशात ठेवून हात जोडून उभा राहिला. आणि कचरू, ज्याला ठाऊक होतं की आतलं सगळं बंद आहे, तोही वर बघत राहिला आणि मनात म्हणत राहिला, फिर, फिर, फिर. किती वेळ गेला कुणाला कळलं नाही. ओढा सगळ्यांच्या पाठीमागं होता.

पाऊस विरळ झाला, पार थांबला नाही, पण विरळ झाला. लोकांनी जयघोष केला. कचरू त्यांच्यामधून वाट काढून खाली पळाला, दोनदा पडला, गुडघे फोडून घेतले.

वस्तीत खालच्या ओळीची घरं राहिली नव्हती. विहाराच्या स्लॅबवर बाया, लेकरं आणि म्हातारी माणसं एकमेकांना चिकटून बसली होती. जिन्याच्या कठड्याला पिळे दिलेली लुगडी गाठी मारून बांधलेली होती, ती धरून बायांनी एकेकाला पाण्यातून वर ओढलं होतं. भिमाबाई कोपऱ्यात बसली होती. तिचे दोन्ही तळहात सोलून निघाले होते. कचरू तिच्यासमोर गुडघ्यावर बसला आणि लहान लेकरासारखा रडायला लागला. ती रडत नव्हती.

शेजारची केसरबाई कुठं दिसत नव्हती. म्हातारी, गुडघ्यांनी अधू, पण जिभेनं तिखट. कचरूच्या लग्नात त्याच्या चालत्या वरातीपुढं नाचलेली. त्यानं तिचं विचारलं तेव्हा भिमाबाई बोलली. आवाज बसला होता, ओरडून ओरडून बसला होता.

"तिचा हात माझ्या हातात व्हता. मला एकटीला वढंना. टेकाडावर तुमी सगळे दिसत व्हता, वर त्वांड करून उभे. आमी समद्या बायांनी हाका मारल्या. एकानं बी खाली बघितलं न्हाई."

कचरूनं तिचा हात धरायचा प्रयत्न केला. तिनं हात मागं घेतला, सोललेला होता म्हणून की दुसऱ्या कशानं, ते त्याला कळलं नाही आणि विचारायचा धीरही झाला नाही.

केसरबाई दुसऱ्या दिवशी सापडली, खालच्या बंधाऱ्यापाशी, बाभळीला अडकलेली. तिचं सगळं उरकून लोक परतले तेव्हा लख्ख ऊन पडलं होतं. वस्तीची माणसं शाळेत राहायला आली होती. दुपारी सुंदरराव आले, मागं चार माणसं, हातात नारळ आणि नवा टॉवेल. शाळेच्या व्हरांड्यात सगळ्यांदेखत त्यांनी तो टॉवेल कचरूच्या खांद्यावर घातला आणि म्हणाले की कचरूरावांमुळं पाऊस हटला, नाहीतर गाव वाहून गेलं असतं. भिमाबाई दारात उभी होती, तळहातांना चिंध्या बांधलेली. ती त्याच्याकडं बघत होती.

कचरूनं टॉवेल खांद्यावरून काढला. खरं सांगितलं तर हे लोक आपलं काय करतील याची भीती होती, आणि नाही सांगितलं तर त्या दारातल्या बाईकडं आयुष्यभर बघायचं होतं. आयुष्यात पहिल्यांदा त्याला दुसरी भीती पहिलीपेक्षा मोठी वाटली.

"पंखा चालू झालाच न्हवता," तो म्हणाला. "लाइट न्हवती. मी खोटं बोललो. वाऱ्यानं हाललं ते. तुमी माज्यामुळं तिथं उभे ऱ्हायला आन हिकडं केसरबाई गेली."

सुंदररावांनी मागच्या माणसांकडं बघितलं, मग कचरूकडं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर समजूत घालणारं हसू आलं. त्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. "कंपनीला भ्याऊ नका कचरूराव," ते म्हणाले. "आमच्यातलं कुणी वर कळवत न्हाई. आमी आमच्या डोळ्यानं फिरताना बघितलाय."

मागच्या माणसांनी माना डोलावल्या. कचरूनं परत तोंड उघडलं, परत तेच सांगितलं, जास्त मोठ्यानं सांगितलं. त्यांनी आणखी प्रेमानं माना डोलावल्या. जाताना सुंदरराव पायरीवर थांबले, नारळ त्याच्या हातात ठेवला आणि आदरानं विचारलं, "आता पुढच्या जूनला बंद कवा करायचा, ते तेवढं तुमी सांगा. तसं पेरायला बरं."

ते उत्तराची वाट बघत उभे राहिले. भिमाबाई आत निघून गेली, आणि त्या कडक उन्हात कचरूला हुडहुडी भरली.